दोन नावं, एक फंड

लग्नानंतरच्या पहिल्याच पगाराच्या पाकिटात पाच रुपये जास्त निघाले आणि मला धास्तीच वाटली.

सासरी मात्र आनंदीआनंद. माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. त्यांनी पाकीट देवापुढे ठेवलं आणि खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, "सून पायगुणाची निघाली हो! घरात आली आणि पगार वाढला."

मला ते पटत नव्हतं. आमच्या कारखान्यात वाढ अशी येत नसे. आधी ती येणार अशी कुजबुज व्हायची, मग दोन-तीन महिने वाट बघायला लावायचे, आणि मग आली तर यायची. न सांगता आलेले पैसे म्हणजे चुकून आलेले, आणि चुकून आलेले पैसे कधीतरी परत द्यावे लागतात, असं माझं साधं गणित होतं. भांडी घासता घासता मी आकडे जुळवले. पगार ऐंशी. रुपयामागे एक आणा धरला तर ऐंशी आणे. ऐंशी आणे म्हणजे बरोबर पाच रुपये. पगार वाढलाच नव्हता. माझा फंड कापला गेला नव्हता.

प्रॉव्हिडंट फंडाची कपात तेव्हा शेकडा सव्वासहा होती, पण तसं कुणी म्हणत नसे. आमच्या जोडणी खात्यातल्या बायका 'रुपयाला आणा' एवढंच म्हणत. नवे पैसे येऊन बरेच दिवस झाले होते, बाजारातून आणा उठला होता, तरी फंडापुरता तो जिवंत होता. आपल्या पगारातला एक आणा, त्यावर कंपनीचा एक आणा, आणि दोघांवर व्याज. कारखाना विजेची बटणं करायचा. पितळेची पट्टी चिमट्यात धरून खाचेत बसवायची, स्क्रू पिळायचा, बटण दोनदा खालीवर करून बघायचं आणि पुढे सरकवायचं, हे माझं काम. दिवसाला किती बटणं झाली हे मी कधी मोजलं नाही, पण आणे मोजायची.

त्याला कारण होतं. मी खानदेशातली. वडील एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते. मालकानं जिन विकलं तेव्हा वडिलांना शाल, नारळ आणि एका महिन्याचा पगार मिळाला. अख्ख्या नोकरीचं तेवढंच. त्या वर्षी मी सहावीत होते, ती तिथेच थांबले. वडील मग मोठ्या काकांच्या दुकानात बसू लागले. महिना संपला की ते काकांपुढे उभे राहायचे आणि काका लगेच वर बघायचे नाहीत. वडिलांनी टोपी काढून हातात धरलेली असायची. म्हातारपणी कुणापुढे असं उभं राहायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं. कसं ते माहीत नव्हतं.

सतराव्या वर्षी मावशीनं मला बंगळूरला बोलावून घेतलं. तिच्या यजमानांनाही मी काकाच म्हणे; ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्याच ओळखीनं मला बटणांच्या कारखान्यात काम मिळालं. त्या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मावशीनं मला पोटच्या मुलीसारखं ठेवलं. तरी दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला जी भीती असते, ती मला होतीच. पोळी जास्त लागली तर मागायची नाही, दिवा उगाच लावायचा नाही. त्या घरात अगदी माझी अशी एकच गोष्ट होती. वर्षभर काम झाल्यावर मिळालेला फंडाचा नंबर.

तो नंबर मिळाला त्या रविवारी काकांनी मला समोर बसवून फंडाचे फायदे समजावले होते. काकांना समजावून सांगायला फार आवडे.

"हे बघ, फंडात जेवढे पैसे जातात त्यावर सरकार इन्कमटॅक्समध्ये सूट देतं. वर जे व्याज मिळतं त्यावरही कर नाही. बँकेत ठेवलेस तर व्याजावर कर."

"पण काका, मला कुठे कर लागतो?"

"लागत नाही ना? मग तर फायदाच आहे."

"तो कसा?"

काका जरा अडकले. आतून मावशी म्हणाली, "अगं, तुला जो कर लागत नाही, त्याच्यात तुला सूट मिळते. इंजिनिअर आहेत ते, त्यांचं ऐक."

"तू मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आज लागत नाही. पगार वाढला की लागेल. बरं, कर सोड. कंपनी आपल्या खिशातून तुझ्याइतकेच पैसे घालते की नाही? तू एक आणा टाकलास आणि दोन झाले. असं दुसरीकडे कुठे होतं? आणि सगळ्यात मोठं सांगतो. उद्या तुझ्यावर कुणी डिक्री आणली, घरादारावर जप्ती आली, तरी फंडाला हात लागत नाही. सावकाराचा नाही, कोर्टाचा नाही."

"आणि माझा?"

"तुझाही नाही. मनात आलं आणि काढले, असं चालत नाही."

"मग माझे कसे म्हणायचे?"

"म्हणूनच तुझे राहतात," काका म्हणाले. करापेक्षा हे मला पटकन कळलं. घरातल्या कुणी मागितले तर मला 'नाही' म्हणता येत नसे. फंड माझ्या वतीनं नाही म्हणणार होता.

आणि तोच फंड आता बंद पडला होता.

चूक कशी झाली ते सांगते, कारण ती आमच्याच लोकांची करणी. माझे यजमान बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. शहाजीराजांच्या वेळी आलो असं ते सांगत. भावाबरोबर त्यांचं चिकपेटेत शिवणकामाचं दुकान होतं. बोलणं मराठीच, पण त्यात कानडीची पेरणी. 'थोडं थांब' म्हणायच्या जागी 'स्वल्प थांब', आणि 'बरं'च्या जागी 'सरी'. त्यांच्या घरात लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल उरली नव्हती. मावशीनं ती उकरून काढली. "आमच्यात बदलतात. तांदळात नाव लिहिल्याशिवाय लग्न पुरं झालं असं मी म्हणणार नाही." मग ताटात तांदूळ पसरले, यजमानांच्या हातात अंगठी दिली. त्यांनी स्वल्प विचार केला आणि तांदळात माझं नवं नाव लिहिलं. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की नवं नाव त्यांनी स्वतः शोधलं होतं, आधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते उच्चारताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. मलाही ते आवडलं होतं.

म्हणजे अक्षता पडल्या आणि माझं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलली. कामावर परत गेले तेव्हा काकांनी इंग्रजीत लिहून दिलेला अर्ज मी टाइम ऑफिसात दिला. लग्नामुळे माझं नाव आता असं असं झालं आहे, तरी मस्टरवर तसं करावं. कारकुनानं अर्ज घेतला, सरी म्हणाला. मस्टरवर नवं नाव आलं. मी खूश झाले. तिथेच मी फसले.

पाच रुपये जास्त आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या कारकुनाच्या खिडकीशी गेले. माणूस कानडी, पन्नाशीचा, कपाळाला गंध. वाईट नव्हता. आमचं बोलणं माझ्या मोडक्या कानडीत आणि त्याच्या मोडक्या हिंदीत चालायचं.

"माझा फंड कापला नाही," मी म्हटलं.

त्यानं वही उघडली. "नव्या मुलींचा वर्षभर कापत नाहीत."

"मी नवी नाही. चार वर्षं झाली."

"इथे तर गेल्या महिन्याची तारीख आहे."

"माझं आधीचं नाव बघा ना." मी ते सांगितलं.

त्यानं दुसरं पान काढलं. "ती नोकरी सोडून गेली. कारण, लग्न."

"ती म्हणजे मी!"

त्यानं चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "यारम्मा नीनु?" म्हणाला. कोण गं बाई तू?

हळूहळू उलगडा झाला. त्याच्या माहितीतल्या बायकांची लग्न झाल्यावर फार तर आद्याक्षरं बदलत, वडिलांच्या जागी नवऱ्याचं. पण मूळ नाव कसं बदलेल? नाव बदललं म्हणजे माणूस बदललं. अर्जातला 'लग्न' हा शब्द त्यानं वाचला आणि समजला की जुनी मुलगी लग्न होऊन गेली, आणि तिच्या जागी नवीन ठेवा असं हे पत्र आहे. फंडाच्या कचेरीला त्यानं दोन कागद पाठवून दिले. एकीचं नाव सोडून गेलेल्यांत, दुसरीचं नव्यांत.

"पण तुम्ही मला रोज बघता!" मी म्हणाले. "चार वर्षं तुमच्यासमोरून जाते."

"खात्यात साठ-सत्तर मुली. सगळ्यांना वेणी, सगळ्यांना निळं ॲप्रन. मला वाटलं, बहीण असेल."

मी रडकुंडीला आले होते. त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "यात तुझं नुकसान काय आहे, अम्मा? बाईनं लग्नासाठी नोकरी सोडली तर तिचा फंड तिला देतात. त्या जुन्या मुलीचे पैसे तयार आहेत. सही कर आणि घेऊन टाक. नव्या नावाचा फंड वर्षानं आपोआप सुरू होईल. दोन्ही हातांत लाडू."

"कंपनीचा आणाही सगळा मिळेल?"

तो खाली बघू लागला. "तेवढा सगळा नाही. वर्षं कमी भरली की त्यातला काही भाग जातो."

"आणि पुढची वर्षं परत एकपासून?"

"ते तर आलंच."

घरी ही हकिकत सांगितली ती माझी दुसरी चूक. यजमान दुकान बंद करून आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिळतील?"

मी आकडा सांगितला. फार मोठा नव्हता, पण आमच्या घरात एवढे पैसे एकदम कधी आले नव्हते.

"एवढ्यात दुसरी मशीन येते," ते म्हणाले. दुकानात दोघा भावांत एकच शिलाई मशीन होती. एक शिवत असला की दुसरा काजं करत बसायचा. सणासुदीला गिऱ्हाइकं परत जायची. हे सगळं मला माहीत होतं.

"पण मला काढायचे नाहीत."

"का? तुझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली आहे का साठवायला?"

"म्हातारपणासाठी आहेत ते."

"एकवीस वर्षांची तू! म्हातारपण कुठे पळून चाललंय? स्वल्प थांबेल की ते. माझ्याकडे कुठे फंड आहे? माझी मशीन हाच माझा फंड. तीच मला म्हातारपणी पोसेल."

"मशीन चालवायला पाय लागतात," मी म्हटलं. "फंडाला लागत नाहीत."

बोलले आणि जीभ चावली. माझे सासरेही शिंपीच, आणि शेवटची तीन वर्षं त्यांचे पाय गेले होते. मशीन कोपऱ्यात होती आणि ते खाटेवर. अक्का सुपारी कातरत होत्या, त्या थांबल्या. यजमान उठून बाहेर गेले. मग अक्का म्हणाल्या, "खरं बोललीस. पण असं बोलायचं नसतं."

पुढचे सात महिने मी कशी फिरले ते आठवलं तरी अजून चीड येते. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असे. तो प्रत्येक शनिवार या कामी गेला. कारकून म्हणायचा मॅनेजरसाहेबांना भेट, मॅनेजरसाहेब म्हणायचे कारकुनाला भेट. एकदा पुरावा मागितला. शाळेचा दाखला दिला, त्यावर माहेरचं नाव. लग्नपत्रिका दिली, त्यावरही माहेरचंच, कारण नवं नाव लग्न लागल्यावर ठेवलं होतं. तांदूळ तर दाखवता येत नव्हते.

"माझ्या अंगठ्याचा ठसा घ्या," शेवटी मी म्हणाले. "अंगठा तर बदलत नाही ना?"

"जुन्या फॉर्मवर तुझा अंगठा नाही. तू सही केली आहेस. अंगठा अडाण्यांचा घेतात."

सही आली म्हणून अडकले. शिकल्याचा एवढा तोटा मी पहिल्यांदाच बघत होते. सही तरी जुळवा म्हटलं, तर जुनी सही जुन्या नावाची आणि नवी नव्या नावाची.

मग काकांनी कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यात 'अमुक उर्फ तमुक' असं होतं. मी घरी वाचून दाखवलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "उर्फ तर चोरांना असतं." यजमान पहिल्यांदाच हसले, पण माझ्याकडे बघून नाही.

प्रतिज्ञापत्र घेऊन मी काकांबरोबर फंडाच्या कचेरीत गेले. तिथे एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी आम्हाला बसवलं, कागद शेवटपर्यंत वाचला. अशी वागणूक मला सात महिन्यांत मिळाली नव्हती. नुसतं 'बसा' म्हणाले तरी मला भरून आलं.

"मुली," ते म्हणाले, "दोन मार्ग आहेत. नव्या नावावर दोन्ही खाती एक करायची तर तुझ्या कंपनीनं आम्हाला लिहून द्यायला हवं की आमची चूक झाली, या दोघी एकच आहेत. दुसरा मार्ग सोपा आहे. जुनं खातं तसंच ठेवायचं. कंपनीनं 'सोडून गेली' हा शेरा मागे घ्यायचा. मात्र मग मस्टरवर जुनं नावच हवं."

मी पहिला मार्ग धरला. कारकून ऐकेना. त्याची बढती व्हायची होती आणि स्वतःच्या हातानं 'चूक' हा शब्द तो लिहिणार नव्हता. "सहा मुलं आहेत घरात," म्हणाला. दुसऱ्या मार्गाला मात्र तो लगेच तयार झाला. त्यात कुणाचीच चूक नव्हती. एक मुलगी गेली होती, ती परत आली. एक नवी आली होती, ती टिकली नाही. मधल्या महिन्यांचे राहिलेले आणे माझ्या पगारातून कापून घेऊन तो भरून टाकणार होता. नवी मुलगी म्हणजे यजमानांनी तांदळात लिहिलेली ती. तिचं नाव मस्टरवरून खोडायचं.

मी दोन दिवस मागून घेतले. घरी सांगितलं तेव्हा यजमान बराच वेळ कापडावर खडूनं रेघा मारत राहिले.

"म्हणजे कारखान्यात तू माझी कुणी नाहीस," ते म्हणाले.

"असं काय बोलता?"

"मग काय बोलू? मी दिलेलं नाव चार आण्यांसाठी टाकून दिलंस."

"दोन आण्यांसाठी," मी म्हणाले. "एक माझा, एक कंपनीचा." मला विनोद करायचा नव्हता. मी घाबरले की माझ्या तोंडून हिशेब निघतात. "अहो, नाव टाकत नाही मी. घरात तेच आहे. माझ्या वडिलांना नोकरीअखेर काय मिळालं ते तुम्हाला माहीत आहे. मला तुमच्यापुढेही हात पसरायचा नाही. तुम्ही द्याल, तरी नाही."

"आणि माझं म्हातारपण?"

"ते पण त्याच्यातच आहे. तुम्हाला काय वाटलं, मी एकटी खाणार?"

त्यांनी खडू ठेवला आणि कापडाची घडी केली. मी दुसऱ्या दिवशी सही केली. जुन्या नावाची. सात-आठ महिन्यांत हात त्या नावाला विसरला होता. पहिलं अक्षर नव्या नावाचं पडलं आणि फॉर्म वाया गेला. कारकुनानं कपाळाला हात लावून दुसरा फॉर्म दिला.

एवढ्यावर संपेल असं वाटलं होतं. शेवटी वारसाचा रकाना आला. मी मेले तर पैसे कुणाला. आधी तिथे माझ्या आईचं नाव होतं. मी यजमानांचं लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात 'पती'.

कारकुनानं कागद परत सरकवला. "हे चालणार नाही."

"का?"

"या मुलीचं लग्न झालेलं नाही. वर कुमारी लिहिलं आहे. कुमारीला पती कुठला?"

चौदा-पंधरा बायका माझ्या मागे रांगेत होत्या. इतकी वर्षं मी या खिडकीशी मान खाली घालून 'सर, सर' करत आले होते. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. मी त्या खिडकीच्या फळीवर हात आपटला आणि ओरडले. कानडी, मराठी, हिंदी, जे तोंडाला येईल त्यात. माझं लग्न झालं म्हणून तुम्ही मला कामावरून काढलंत, आणि आता माझं लग्न झालं नाही म्हणता! एक काहीतरी ठरवा! मी आहे की गेले? गेले असेन तर पैसे काढा, आणि असेन तर माझा नवरा लिहून घ्या!

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. कारकुनानं कागद ओढला, 'कुमारी' खोडून 'श्रीमती' केलं, शिक्का मारला. "आधी असं बोलली असतीस," तो म्हणाला, "तर एवढे फेरे पडले नसते." मला वाटतं हे त्यानं मनापासून सांगितलं. पण मला त्याचा आणखीच राग आला. नीट बोलणाऱ्या माणसाचं काम होऊ नये, याला काय म्हणायचं?

वर्षअखेरीला फंडाची चिठ्ठी आली. सगळी वर्षं एका ओळीत, माझे आणे, कंपनीचे आणे, व्याज. मी ती यजमानांना दुकानात नेऊन दाखवली. घरी दाखवायचा धीर नव्हता. दुकानात भाऊ असतो, गिऱ्हाईक असतं, म्हणून. त्यांनी इंग्रजी अक्षरं एकेक लावून माझं माहेरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"ही कोण बाई?" म्हणाले.

"आहे एक. पैसेवाली आहे."

"लग्न झालंय?"

"झालंय. शिंप्याशी."

त्यांचा भाऊ खो खो हसला. ते नाही हसले. चिठ्ठी उलटी करून मागे काही आहे का ते बघितलं, मग विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

"इथे नसतं. कचेरीत असतं. मी मेले की निघेल."

"सरी," ते म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून माझ्या हातात दिली. मशीनचं पायडल त्यांनी परत सुरू केलं. मी घरी जायला निघाले तेव्हा मागून म्हणाले, "आम्हा दुकानवाल्यांसाठी असं काही नसतं का? विचार की तुझ्या काकांना."

काकांना विचारलं. तेव्हा नव्हतं. एकट्या माणसाला स्वतःच्या नावानं उघडता येईल असं करमाफीचं फंडाचं खातं निघायला पुढे बरीच वर्षं गेली. तोपर्यंत यजमानांनी दुसरी मशीन हप्त्यानं घेतली होती. हप्ते माझ्या पगारातून जात. फंड कापून जे उरे त्यातून.